रतनवाडी, साम्रद आणि प्रवरेचे वरचे खोरे

भंडारदऱ्याला जाऊन आलेल्या बहुतेकांनी धरण पाहिलेले असते, जलाशयाला गाडीने वळसा घातलेला असतो आणि संध्याकाळी ते परतीच्या रस्त्याला लागलेले असतात. आम्हीही पूर्वी दोनदा तेच केले होते. या खेपेस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस हाताशी असल्यामुळे गाडी शक्य तितकी कमी चालवायची आणि प्रवरेच्या उगमाकडचा भाग पायी पाहायचा असे ठरवले. मी, पत्नी, मेव्हणे आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी असे आम्ही चौघे होतो.

ठाण्याहून पहाटे साडेपाचला निघून कसारा घाट आणि इगतपुरी मागे टाकत घोटीला चहा घेतला. तेथून उजवीकडे वळून धरणाजवळच्या शेंडी गावापर्यंत सुमारे ३५ किलोमीटरचा रस्ता आहे. वाटेत कळसूबाईच्या पायथ्याचे बारी हे गाव लागते. पेट्रोल घोटीलाच भरून घ्यावे आणि रोख पैसेही तेथेच काढून ठेवावेत, कारण पुढे जेवणापासून वाटाड्यापर्यंत सगळा व्यवहार रोखीने करावा लागेल असे धरून चालणेच बरे. साम्रदला आमच्या चारपैकी तीन फोनांना रेंज नव्हती, त्यामुळे ऑनलाइन पैसे देण्याचा प्रश्नच आला नाही. हा सारा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क घेतात. त्याची पावती परत येईपर्यंत जपून ठेवावी.

शेंडीहून धरणावरून पलीकडे जाऊन, जलाशय उजव्या हाताला ठेवत मुतखेल, कोलटेंभेमार्गे रतनवाडी गाठली. येथील अमृतेश्वराचे मंदिर हे या खोऱ्यातील सर्वांत देखणे बांधकाम आहे, असे माझे मत आहे. भूमिज शैलीचे त्याचे शिखर लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचल्यासारखे दिसते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरून पिंडी बुडते. आम्ही गेलो तेव्हा पाणी ओसरले होते, मात्र दगड अजून ओले होते. मंदिर पाहून लगेच गाडीत बसू नये. जवळच असलेल्या पुष्करणीकडे अनेकांचे लक्षच जात नाही. तिच्या चारही बाजूंच्या भिंतींत मूर्तींचे कोनाडे आहेत आणि प्रत्येक कोनाड्यावर मंदिरासारखेच छोटे शिखर कोरलेले आहे. दुपारच्या उन्हात त्या शिखरांची प्रतिबिंबे हिरवट पाण्यात थरथरताना पाहत आम्ही अर्धा तास तरी पायरीवर बसलो होतो.

मुक्काम गावातच एका घरी केला. अशा घरांत हॉटेलच्या सोयींची अपेक्षा ठेवू नये, पण नाचणीची भाकरी, पिठले आणि हातसडीच्या तांदळाचा भात असे जेवण गरम गरम मिळते. आपण येणार आहोत हे आदल्या दिवशी कळवलेले बरे, म्हणजे घरच्यांची धावपळ होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रतनगडाकडे निघालो. सुरुवातीचा बराच वेळ वाट प्रवरेच्या पात्राच्या सोबतीने जाते आणि ते पात्र चार-पाच वेळा ओलांडावे लागते. डिसेंबरात येथे नदी म्हणजे गोट्यांमधून वाहणारी टीचभर धार असते. हीच नदी पुढे अकोले, संगमनेर करत नेवाशाजवळ गोदावरीला मिळते आणि तिच्याच काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे त्या धारेकडे पाहून खरे वाटत नाही. जंगलात एक फाटा लागतो. त्यातील एक वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते आणि चुकणारे बहुधा येथेच चुकतात, म्हणून सोबत वाटाड्या असावा. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर एका वेळी एकानेच चढावे आणि माकडे असतील तर खाण्याची पिशवी हातात धरू नये. आमची केळी अशीच गेली.

सुमारे तीन तासांत आम्ही गडावर पोहोचलो. १,२९७ मीटर उंचीच्या या गडाचे खरे आकर्षण म्हणजे माथ्यावरचे नेढे. कातळाला आरपार पडलेल्या या भोकात दहा-बाराजण सहज बसू शकतात, मात्र वारा इतका असतो की टोपी हातात धरूनच बसावे लागते. तेथून अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई एका रांगेत दिसतात. रतनवाडीला परत न उतरता आम्ही नेढ्यापलीकडच्या त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरलो. गुडघेदुखीमुळे गडावर न आलेले मेव्हणे गाडी घेऊन साम्रदला आधीच पोहोचले होते. या दरवाजाखालच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, त्यामुळे उतरताना कातळाकडे तोंड करून उतरणे सोयीचे पडते. पुढे खुटा नावाच्या सुळक्याला वळसा घालून वाट रानात शिरते. गुडघे धड असतील तर हाच मार्ग घ्यावा, असे मी सुचवीन.

तिसरा दिवस सांदण दरीचा. साम्रद गावापासून अगदी जवळ जमिनीला उभी भेग पडावी तशी ही दरी सुरू होते आणि दोन्ही बाजूंच्या दोन-तीनशे फुटी भिंतींमधून कोकणाच्या दिशेने उतरत जाते. प्रवरेचे पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, तर इथले पाणी पश्चिमेला. दोन्हींमध्ये फार तर तासा-दोन तासांची चाल आहे. काही ठिकाणी दरी इतकी अरुंद होते की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. पहिल्या डोहाशी आमच्या वाटाड्याने काठी बुडवून खोली पाहिली आणि बूट काढू लागलेल्या मला थांबवले. "काका, बुटाचं काय घेऊन बसलात, पाय सांभाळा," तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते, कारण पाण्याखालचे दगड धारदार आणि निसरडे आहेत. पहिल्या डोहात पाणी कमरेपर्यंत होते, दुसऱ्यात भाचीच्या छातीपर्यंत, आणि गारठा असा की दात वाजू लागले. बुटाबद्दलची माझी भीती मात्र खरी ठरली. जुन्या बुटाचा तळ तिथेच सुटला आणि परतीची वाट मी तो सुतळीने बांधून काढली.

दुसऱ्या डोहापुढे वाटाड्याने वर बोट दाखवले. आमच्या डोक्यांच्या किती तरी वर, दोन भिंतींच्या बेचक्यात, झाडाचा एक अख्खा वाळलेला बुंधा आडवा अडकला होता. पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत चढते. घाटघर-साम्रदचा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतो, त्यामुळे जून ते ऑक्टोबर या काळात आणि अवकाळी पावसाचे ढग असताना दरीत पाऊल टाकू नये. आम्ही जेथे दोर लावून उतरावे लागते त्या कड्यापर्यंत जाऊन परत फिरलो. पुढे कोकणात उतरायचे असेल तर प्रशिक्षित चमू, दोर आणि पूर्ण दिवस हवा. निव्वळ उत्साहावर तो बेत करू नये. दरीत उतरताना सुका कपड्यांचा जोड गाडीत ठेवावा आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. शनिवार-रविवारी डोहाशी रांग लागते, तेव्हा सकाळी आठच्या आत दरीत उतरलेले चांगले.

परतताना धरणाच्या पायथ्याशी थांबलो. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेले हे विल्सन धरण दगडी बांधणीचे असून सुमारे २७० फूट उंच आहे. त्याखालचा छत्री धबधबा पाणी सोडलेले असतानाच दिसतो, आणि आम्हाला तो दिसला नाही. राजूरच्या रस्त्यावरच्या रंधा धबधब्याचेही तसेच आहे. कातळाच्या घळीत भिंतीला चिकटून उतरणारी एक बारीक धार तेवढी होती. कठड्याशी शेंगा विकणाऱ्या मावशींना भाचीने विचारले की धबधबा कुठे आहे. त्या हसून म्हणाल्या, "बाई, आता तो धरणात हाय. श्रावणात ये."