सारख्या मापाचे दोन पुंजके

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे घरोघरी माहीत असतं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो भार मारतं आणि कण चिकटून पुंजके होतात. पण हे पुंजके किती लवकर बसतील, ते नुसत्या आकारमानावरून कळत नाही. मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हेच मोजतो, आणि गेल्या जुलैत ते फार स्वच्छ दिसलं.

रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी पवई तलावाचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. पाणी तेच, तुरटीची मात्रा तीच, बीकर दोन. एकात पातं संथ फिरत ठेवलं. दुसऱ्यात मधूनमधून वेग वाढवून पुंजके मोडू दिले, पुन्हा जुळू दिले.

पुढचं काम हाताच्या सफाईचं. पिपेटच्या बारीक तोंडातून पुंजका गेला की फुटतो. म्हणून टोक कापून तोंड रुंद करायचं, पुंजका अलगद उचलायचा आणि काचेच्या उभ्या नळकांड्यात पाण्याखाली धरायचा. फुगा दाबायचा नाही, पुंजका आपल्या वजनानेच सुटला पाहिजे. नमुना आणि नळकांड्यातलं पाणी एकाच तापमानाला हवं, नाहीतर पाण्यात प्रवाह उठतात आणि खाली जाणारा पुंजका चक्क वर चढतो. एसी बंद, खिडक्या बंद. घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी नळकांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरून कुणाची नजर हलेना.

पाव मिलिमीटरच्या आसपासचे, सारख्या मापाचे पुंजके आम्ही दोन्ही बीकरमधून निवडले. संथ ढवळलेला पिंजलेल्या कापसासारखा विरविरीत, रेंगाळत उतरला. मोडून जुळलेला घट्ट, गोलसर, तो सरळ तळाला गेला.

“मॅडम, माप सारखंच आहे ना? परत घेऊ?” विद्यार्थिनीने विचारलं.

“घे. दुसरी जोडी घे.”

पुन्हा तेच झालं!

भरीव गोळीचा व्यास दुप्पट केला तर वस्तुमान आठपट होतं आणि स्टोक्सच्या नियमाने, म्हणजे बारीक कण पाण्यात किती वेगाने बसतो ते सांगणाऱ्या नियमाने, वेग चौपट. फ्रॅक्टल मिती म्हणजे माप वाढताना पुंजका किती भरीव राहतो त्याचा आकडा. ती 2 असलेल्या पुंजक्याचं वस्तुमान चौपटच होतं, वेग जेमतेम दुप्पट. वाढताना तो पोटात पाणीच जास्त घेतो. जोराच्या ढवळण्यात कमकुवत फांद्या तुटतात, तुकडे पुन्हा दाटीने बसतात आणि मिती वाढते. संध्याकाळी व्यास आणि वेग लॉग कागदावर मांडले, तर दोन्ही बीकरचे ठिपके वेगळ्या रेषांवर पडले. उतारात 1 मिळवला की मिती हातात येते. दाट पुंजक्यांची रेषा जास्त चढी होती.

याचा अर्थ पाणी वाट्टेल तसं घुसळावं असा नाही. तुरटीचे मोडलेले पुंजके पूर्वीच्या मापाला सहसा पोचत नाहीत, आणि फार बारीक तुकडे तरंगतच राहतात. पण पाण्याची जार टेस्ट, म्हणजे बीकरमध्ये तुरटी ढवळून गाळ कसा बसतो ते बघायची चाचणी, करताना नुसते मोठाले पुंजके बघून समाधान मानणं मला आता पटत नाही. आमच्या नोंदवहीत मापाशेजारी बसण्याच्या वेगाचा रकाना आहे, आणि तो रिकामा ठेवलेला मी चालवून घेत नाही.