घारापुरीची लेणी: पहिल्या लाँचचं गणित (माझा अनुभव)

घारापुरीला, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटावर, मी पाहुण्यांना घेऊन इतक्यांदा गेलोय की आता बेत कुठे फसतो ते आधीच कळतं. लेणी कुठे पळून जात नाहीत, पळते ती वेळ. अकराला आरामात गेटवे ऑफ इंडियाला यायचं, रांग लावायची, एकच्या सुमाराला बेटावर उतरायचं, भर उन्हात पायऱ्या चढायच्या आणि धापा टाकत अर्ध्या तासात 'त्रिमूर्ती बघितली' म्हणून खाली यायचं, असं निम्म्या लोकांचं होतं. हे टाळायचं तर सकाळी साडेआठला गेटवेवर हजर राहायचं. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

आधी वार बघा. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेवर लाँचवाले मात्र त्या दिवशीही हाका मारत असतात, कारण बंदरात चक्कर मारून आणणाऱ्या फेरीचं तिकीट वेगळं असतं आणि ती बेटावर जात नाही. तिकीट हातात घेतल्यावर त्यावर 'एलिफंटा' लिहिलंय का ते वाचा. रविवारी नि सुट्टीच्या दिवशी गर्दी दुप्पट. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. महिने विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बेट हिरवंगार दिसतं खरं, पण समुद्र खवळला आणि बंदरात धोक्याचा बावटा लागला की लाँच बंद. जून-जुलैत बाहेरगावच्या पाहुण्यांना मी घारापुरीचा शब्दच देत नाही.

सीएसएमटी किंवा चर्चगेटहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. मेट्रो-3 ने येणाऱ्यांनी हुतात्मा चौकाला उतरून काळा घोड्यावरून चालत यावं. सकाळच्या वेळी तो रस्ता चालण्यासारखा आहे. गेटवेच्या आवारात शिरताना सामानाची तपासणी होते. मोठ्या बॅगा आणूच नका. आवारात सामान ठेवायला जागा नाही, आणि ती बॅग मग तुमच्याबरोबर पायऱ्या चढते.

लाँचचं जाऊन-येऊन तिकीट माणशी अडीचशे रुपयांच्या थोडं पुढे धरा. वरच्या डेकवर बसायचे दहा-वीस रुपये वेगळे, ते लाँच सुटल्यावर तिथेच मागतात. तिकिटाचा परतीचा तुकडा जपून ठेवायचा. तो खिशातल्या रुमालाबरोबर बाहेर येऊन उडून जातो, त्यामुळे सगळ्यांचे तुकडे मी एकाच पाकिटात ठेवतो. पहिली लाँच नऊच्या आसपास सुटते. 'आसपास' म्हणायचं कारण असं की ती भरल्याशिवाय हलत नाही. तरी पहिलीच गाठावी, कारण तिच्याआधी बेटावर गर्दी पोचलेली नसते. दुपारी दोननंतर जाणारी लाँच मिळेल असं धरून चालू नका.

18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून मोठी दुर्घटना झाली. तेव्हापासून लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. घामट वास येतो, पट्टे तुटके निघतात, तरी अंगात घाला आणि पट्टा आवळा; नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. लहान मुलांसाठी लहान मापाचं चढतानाच मागून घ्या, मध्यावर गेल्यावर ते सापडत नाही.

प्रवास साधारण तासाभराचा, अंतर दहा-अकरा किलोमीटर. नौदलाची गोदी, नांगरलेली तेलवाहू जहाजं, बुचर बेटावरच्या तेलाच्या टाक्या हे सगळं वाटेत दिसतं. नौदलाच्या बाजूला कॅमेरा फिरवू नका. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात आणि लोक त्यांना गाठी, कुरकुरे फेकतात. पक्ष्यांनाही ते चांगलं नाही आणि तुमच्या डोक्यावर काय पडेल याचीही हमी नाही. बोट लागत असेल तर खालच्या डेकवर मधोमध बसा, तिथे हेलकावे कमी लागतात. डिझेलचा धूर मागच्या बाजूला येतो.

बेटाभोवती चिखल आणि तिवरं आहेत, म्हणून धक्का लांबलचक आहे. धक्क्यापासून पायऱ्यांच्या तोंडापर्यंत छोटी आगगाडी धावते, तिकीट दहा रुपयांच्या घरात. चालत गेलात तर दहा मिनिटं. लहान मुलं बरोबर असतील तर गाडी, नसतील तर पाय, कारण गाडी भरायची वाट बघण्यात तेवढीच दहा मिनिटं जातात. पुढे ग्रामपंचायतीचा पाच-दहा रुपयांचा कर भरायचा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. मोबाइलने पैसे देता येतात, पण नेटवर्क रुसलं की रांग तुमच्यापाशी अडते.

पायऱ्या साधारण 120. चढ फार नाही, पण दोन्ही बाजूंना टपऱ्या आणि वर निळ्या ताडपत्र्या, त्यामुळे सावली मिळते आणि हवा अडते. दगडी हत्ती, मण्यांच्या माळा, टोप्या यांची खरेदी उतरताना करा. चढताना घेतलेलं ओझं लेण्यात कुठे ठेवता येत नाही, आणि भाव दुपारनंतर उतरतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. खुर्चीला दोन वासे बांधलेले, उचलायला चार माणसं. दर आधी ठरवा आणि तो फक्त जायचा की जाऊन-येऊन हे स्पष्ट विचारा. वाद नेहमी इथेच होतो.

आता माकडं. ती पोत्याने आहेत. प्लास्टिकची पिशवी, रंगीत सरबताची बाटली, मक्याचं कणीस या तीन गोष्टी त्यांना लांबून ओळखू येतात. पाण्याची बाटली हातात न ठेवता सॅकमध्ये चेन लावून ठेवा. हिसकावलंच तर ओढाताण करू नका, सोडून द्या.

वर भारतीय पुरातत्त्व विभागाच्या खिडकीवर लेण्यांचं तिकीट मिळतं: भारतीयांना 40 रुपये, परदेशी नागरिकांना 600, पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या संघटनांतल्या नागरिकांना भारतीयांचाच दर आहे. अमेरिकेहून, इंग्लंडहून आलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांचा घोळ होतो तो इथे. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर तेही भारतीयांच्या दरातच बसतात, मात्र कार्ड हातात हवं. 'आम्ही पुण्याचेच हो' म्हणून खिडकीवरचा माणूस ऐकत नाही. ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, तो घरीच ठेवा.

क्रमांक एकचं लेणं हेच खरं लेणं. बाकीच्यांना एकूण वीस मिनिटं पुरतात, याला दीड तास द्या. आत शिरल्यावर लगेच काही दिसत नाही. बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे काळोखाला सरावायला पाच मिनिटं घेतात, आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत लोक फोटो काढून मोकळे होतात. उत्तरेच्या दाराशी खांबाला टेकून उभे राहा. तिथेच उजवीकडे नटराज आहे, डावीकडे योगीश्वर. नटराजाचे पाय नि बरेचसे हात गेलेत, तरी उरलेल्या धडाच्या वळणावरून नाच कळतो. मूर्तींची मोडतोड बरीचशी पोर्तुगीज काळातली मानतात. पोर्तुगीजांनीच इथला एक शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला, तो पुढे गहाळ झाला. त्यामुळे लेणी कोणी खोदवली याचा लेखी पुरावा आज नाही. सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी राजवट असं अभ्यासक धरतात, बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी हा त्याचा एक आधार.

दारातून सरळ पुढे बघितलं की साधारण 39 मीटर खोल दालनाच्या टोकाला, दक्षिणेच्या भिंतीत, सदाशिव. लोक याला त्रिमूर्ती म्हणतात, आपल्याकडचे काही जण तर हात जोडून 'दत्त' म्हणतात. तो दत्त नाही आणि ब्रह्मा-विष्णू-महेशही नाही. तिन्ही मुखं शिवाचीच. उंची अठरा ते वीस फूट. मूर्तीचं तोंड उत्तरेला, त्यामुळे चेहऱ्यावर थेट ऊन येत नाही, फरशीवरून आणि खांबांवरून परतलेला उजेड पडतो. म्हणून ढग असला की चेहरे सपाट दिसतात आणि ऊन स्वच्छ असलं की ओठांखालची सावली उठून येते. कठड्याला चिकटून उभं राहू नका, मान दुखते आणि नाकपुड्याच दिसतात. दोन खांब मागे या. मग एक-एक मुख घ्या. तुमच्या डावीकडचं अघोर: मिशा, आवळलेली भुवई, हातात साप, केसांत कवटी. उजवीकडचं वामदेव, म्हणजे स्त्रीमुख: कुरळ्या बटा, मोत्यांच्या लडी, हातात कमळ. मधलं तत्पुरुष, डोळे मिटल्यासारखे, खालचा ओठ जाड. त्याच्या हातात महाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं फळ, आहे, पण त्याकडे कोणी बघतच नाही. डावीकडून उजवीकडे पाच पावलं हळूहळू चाला. एक चेहरा मावळतो आणि दुसरा उगवतो. फोटोत हे येत नाही, कितीही महागडा फोन असो.

सदाशिवाच्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. गंगाधराच्या पटात वर तीन मुखांची गंगा शोधा, खाली पायाशी गुडघे टेकलेला भगीरथ. पार्वती किंचित वळून उभी आहे. सवत डोक्यावर उतरतेय, वळणारच. मग उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, शिवपार्वतीच्या लग्नाचा पट. वधू वराच्या उजव्या हाताला उभी, मान खाली. लग्न लागल्यावर बायको डावीकडे येते, तेव्हा अजून मंगलाष्टकं संपलेली नाहीत हे शिल्पकाराने उभं करून दाखवलंय. शेजारी चार दारांचा गाभारा, आत लिंग, प्रत्येक दाराला दोन असे आठ द्वारपाल. त्यांच्या समोरच्या बाजूला अंधकासुरवध, बाहेर आलेले सुळे आणि वर ताणलेलं हत्तीचं कातडं.

शेवटी पूर्वेचं दार. सकाळी गेलात तर उलट करा, हीच बाजू आधी घ्या, कारण अंगणातून येणारा उजेड सकाळी चांगला असतो. तिथे एका बाजूला कैलासावर बसलेले शिवपार्वती, दुसऱ्या बाजूला तोच कैलास हलवणारा रावण. दोन्ही पट लागोपाठ बघायचे असतात, तरच दुसऱ्यातला हादरा कळतो.

काही खांब पुरातत्त्व विभागाने नव्याने उभे केलेत. रंग एकसारखा आणि कडा कोऱ्या दिसल्या की ओळखावं. 1987 पासून लेणी युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

दोन ते पाच क्रमांकाची लेणी बाजूच्याच वाटेवर आहेत, बरीचशी अपुरी. वर तोफांच्या टेकडीवर जायला वीस मिनिटं चढ. दोन जंगी तोफा नि बंदराचा देखावा आहे, पण एप्रिल-मेत बाराला कोणालाही तिथे नेऊ नका. पाणी माणशी दोन लिटर खालूनच आणा. जेवण बेटावर मिळतं, बेताचं आणि महाग. घरून पोळी-भाजी आणली तर लेण्याच्या आवारात न उघडता धक्क्याजवळ उघडा, माकडांचं आत्ताच सांगितलं.

परतीची लाँच एकच्या सुमाराला धरायची. चार ते साडेपाचमध्ये सगळं बेट एकदम धक्क्यावर येतं आणि तासभर उन्हात उभं राहावं लागतं. शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास, तिच्यावर विसंबू नका. बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. मोरबंदर, राजबंदर, शेतबंदर या वस्त्यांत गावकरी राहतात, पाहुण्यांना मुक्काम करता येत नाही. समुद्राखालून केबल टाकून इथे कायमची वीज आली ती 2018 साली.

अडीच-तीनला गेटवेवर उतरलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पायी दहा मिनिटांवर आहे, सहापर्यंत उघडं. गेटवे आणि हे संग्रहालय दोन्ही विटेट या एकाच वास्तुकाराची. तळमजल्यावरच्या शिल्पदालनात घारापुरीहून आणलेली महिषासुरमर्दिनी आणि ब्रह्मा आहेत. सकाळी काळोखात पाहिलेला तोच दगडी हात इथे दिव्याच्या उजेडात हातभर अंतरावरून बघायला मिळतो.

आणि ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं तो दगडी हत्ती बेटावर नाहीच. 1864 साली इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते पुढे 1914 मध्ये जोडले. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. त्याच्यासाठी दुसरा दिवस ठेवा. फक्त राणीची बाग बुधवारी बंद असते, तेव्हा पाहुणे दोनच दिवस असतील तर लेणी मंगळवारी आणि हत्ती बुधवारी असा बेत करू नका.