उंबरठा चिरला तो दिवस

पुण्यात धायरीतल्या माझ्या शेडमध्ये टाकाऊ लाकूड बारा महिने येतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधले तुकडे, फर्निचरच्या कामातून उरलेल्या पट्ट्या, पाडलेल्या वाड्यांचे वासे. दिवाळीच्या आधी मी त्यांचे मेणबत्तीचे स्टँड करतो आणि लोक ते भेट द्यायला नेतात. त्या दिवशी एक काकू रिक्षातून अख्खा उंबरठाच घेऊन आल्या.

नारायण पेठेतलं त्यांचं माहेर पाडलं होतं. उंबरठा सागवानी, सव्वातीन फूट लांब, सात इंच रुंद. कडांना तेलरंगाचे थर, आणि मधोमध पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजून पडलेला खळगा, चांगला पाऊण इंच खोल. तिथे रंगाचा मागमूस नव्हता.

"आम्ही तिघं भावंडं. तिघांना एकेक स्टँड करून द्या," काकू म्हणाल्या, "पण खळगा तिघांच्याही वाट्याला यायला हवा."

आडवे तुकडे केले तर खळगा एकालाच मिळणार. अर्धा तास मी नुसता पेन्सिल घेऊन बसलो होतो. मग सुचलं, उभा चिरायचा! करवतीत जाणारं लाकूड वजा करून सव्वादोन इंची तीन पट्ट्या बसतात. टी-लाइटची, म्हणजे पत्र्याच्या वाटीतल्या बुटक्या मेणबत्तीची, वाटी 38 मिलिमीटरची, भोक 40 चं. दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर लाकूड उरतं, तेवढं पुरे.

उंबरठ्यावर आपण बसतसुद्धा नाही, त्यावर करवत चालवायची म्हणजे हात जड होतो. नमस्कार केला आणि मशीन सुरू केलं. पहिली चीर सरळ गेली. दुसरीत कचकन आवाज आला, पात्याचा एक दात उडाला. चुंबक मी फक्त वरून फिरवलं होतं, आणि खिळा होता बाजूनं, खोलवर.

"तिथे घोड्याची नाल होती," काकू हळूच म्हणाल्या. "आजोबांनी ठोकलेली."

खिळ्याभोवतीचं लाकूड शाईसारखं काळं पडलं होतं. सागात लोखंड वर्षानुवर्षं राहिलं की असंच होतं. खिळा पटाशीनं कोरून काढला, डाग तसाच ठेवला. उरलेली चीर हातकरवतीनं पूर्ण केली.

भोकांचं काम त्याहून नाजूक. उतरत्या पृष्ठभागावर ड्रिलचं मोठं बिट सरकतं, आणि खळगा सपाट करायचा नव्हता. म्हणून प्लायच्या तुकड्यात आधी 40 चं भोक पाडलं, तो तुकडा पाचर देऊन सपाट क्लॅम्प केला आणि त्यातून बिट उतरवलं. मेणबत्ती तिरकी बसली तर ज्योत कडेला झुकते आणि लाकूड भाजतं, म्हणून एवढा खटाटोप. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कडा मास्क लावून ओल्यानं खरवडल्या. खळग्याला पॉलिश पेपर लावलाच नाही. शेवटी अळशीच्या तेलाचा हात दिला. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप पेटतात, त्या दोरीवर पसरून वाळवल्या.

काकू न्यायला आल्या तेव्हा अंधार पडला होता. एका पट्टीवर पाच टी-लाइट लावले. ज्योतींची ओळ मधे खाली उतरत होती, अगदी खळग्यासारखी.

"बाबा ऑफिसातून आले की इथेच पाय ठेवायचे," काकू म्हणाल्या. मग काळ्या डागाची पट्टी त्यांनी धाकट्या भावासाठी वेगळी काढली. नालेला पाय लावून लहानपणी सगळ्यात जास्त मार त्यानंच खाल्ला होता म्हणे.