नेत्राणीचा डायव्ह आणि परतीचा घाट

बेळगावातून स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून समुद्राखाली उतरायला, जाणाऱ्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. पहाटे वेंगुर्ला रोडला लागायचं, आंबोली उतरून मालवण गाठायचं, दुपारपर्यंत पाण्यात राहायचं, मासे जेवून संध्याकाळी गाडी पुन्हा घाटाला लावायची. दीडशे किलोमीटर तर अंतर, मुक्काम कशाला करायचा? मुक्काम का करायचा तेच आधी सांगतो, कारण नेत्राणी बेटाच्या आमच्या सहलीची सगळी आखणी त्याच्याभोवतीच झाली.

पाण्याखाली दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त मुरतो, आणि वर आल्यावर कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तो निघून जायच्या आत आपण उंचावरच्या विरळ हवेत गेलो तर अंगात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मग सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित त्याहून वाईट होतं. डायव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी की एकच साधा डायव्ह केला असेल तर किमान १२ तास थांबावं, आणि एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केले असतील तर किमान १८ तास. ही शिफारस २,००० ते ८,००० फूट उंचीच्या हवेसाठी आहे. आता आपलं बेळगाव बघा. समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीच हजार फूट! आंबोली आणि चोर्ला, दोन्ही घाट दोन हजारांच्या वर चढतात. म्हणजे समुद्रातून निघून त्याच संध्याकाळी घरी येणं हे नियमाच्या दृष्टीनं विमानात बसण्यासारखंच झालं. पाच-सहा मीटरवर थोडा वेळ जाऊन आलेल्याला धोका कमी असतो हे खरं. पण दोन डायव्ह बारा-पंधरा मीटरवर करून तीन तासांत घाट चढणं मला पटत नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाने लिहिलेल्या माहितीत हा मुद्दा सहसा येत नाही, म्हणून आपल्याकडच्यांसाठी मुद्दाम लिहितोय: डायव्हनंतरची रात्र खाली किनाऱ्यावरच काढायची.

आमच्यासमोर तीन पर्याय होते. तारकर्ली सगळ्यात जवळ. तिथं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं डायव्हिंग शिकवणारं केंद्रही आहे, आणि पहिल्यांदा मास्क लावून श्वास घ्यायला शिकायला जागा चांगली. फक्त किनाऱ्याजवळचं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. गोव्याला ग्रँड आयलंड आहे. तिसरं नेत्राणी, उत्तर कन्नड जिल्ह्यात मुरुडेश्वरसमोर समुद्रात सुमारे १९ किलोमीटर आत. एवढं आत असल्यामुळे नद्यांचा गाळ तिथं फारसा पोचत नाही, आणि चांगल्या दिवशी पंधरा-वीस मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. प्रवाळ आहे, खडक सरळ खोल उतरतात. बोटीच्या प्रवासाचा कंटाळा नसेल तर माझं मत नि:संशय नेत्राणीला.

रस्ता आम्ही खानापूर, नंदगड, हल्याळ, यल्लापूर असा धरला. पुढे अरबैल घाट उतरून अंकोला, मग महामार्गाने कुमठा, होन्नावर, मुरुडेश्वर. अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतात, पण चहा-नाश्ता धरून सहा तास ठेवा. हल्याळ ते यल्लापूर जंगलातून अंधारात जाऊ नये, जनावरं आडवी येतात. गाडी नको असेल तर मडगावहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर स्टेशनला उतरता येतं.

जायचं कधी, तर पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर. डिसेंबर ते फेब्रुवारी मला सगळ्यात चांगला काळ वाटतो. जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नका. नाताळ आणि महाशिवरात्र टाळा, मंदिरामुळे गावात पाय ठेवायला जागा नसते.

खरी तयारी मात्र घरीच करायची असते. आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले पुष्कळ आहेत. त्यांना पाण्याची भीती नसते, पण नाक मास्कमध्ये बंद आणि श्वास तोंडाने, हे त्यांनाही नवीन असतं. निघायच्या आधी काही दिवस पोहण्याच्या टँकवर जाऊन मास्क आणि स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी, लावून शांतपणे तरंगायचा सराव करा. पहिल्या, नुसत्या ओळखीपुरत्या डायव्हला पोहता येणं सक्तीचं नसतं, पण पुढे ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला, कोर्स करायचा असेल तर २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, अलीकडे झालेली कुठलीही शस्त्रक्रिया, यांतलं काही असेल तर आधी बेळगावातल्या डॉक्टरांना दाखवा आणि लेखी दाखला घ्या. गरोदरपणात डायव्ह करायचाच नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे समुद्रात नेत नाहीत.

आमच्याबरोबर माझी भाची होती. निघताना तिला किंचित सर्दी होती, मुरुडेश्वरला पोचेपर्यंत नाक चोंदलं. सकाळी इन्स्ट्रक्टरने तिला नाक धरून हळूच फुंकायला लावलं, कान मोकळे होत नाहीत म्हटल्यावर डायव्ह नाही म्हणून सांगितलं. पैसे भरले होते, बोट सुटायला आली होती, तरी तो बधला नाही. "मामा, गोळी घेऊन गेलो तर सोडतील काय ओ?" ती रडवेली होऊन विचारत होती. गोळीने नाक तासभर उघडतं, आणि खाली असताना तिचा असर उतरला तर वर येताना कानात हवा अडकते, हे तिला त्याने स्वतः बसून समजावलं. तिने लाईफ जॅकेट घालून वरूनच स्नॉर्केलिंग केलं आणि कासव तिलाच दिसलं, आम्हाला नाही. असा नाही म्हणणारा इन्स्ट्रक्टर मिळाला तर त्याच्याच मागे पुन्हा जा. याआधी एका ठिकाणी आम्हाला तब्येतीचा एक प्रश्नही न विचारता सिलिंडर चढवले होते. तिथं मी कुणाला पाठवणार नाही.

बुकिंग करताना दर सगळेच विचारतात. त्याहून पुढचे प्रश्न महत्त्वाचे. एका इन्स्ट्रक्टरमागे पाण्यात किती माणसं? पहिल्यांदा उतरणाऱ्यांना एकास एक हवा, फार तर दोन. बोटीवर ऑक्सिजनची सोय आहे का, आणि काही झालंच तर कुठे नेतात? पाण्याखाली नक्की किती मिनिटं, की फोटोपुरतं खाली-वर? समुद्र खवळला म्हणून बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख? या चार प्रश्नांना अडखळत उत्तरं आली की फोन ठेवायचा.

बोटीला तास-दीड तास लागतो आणि ती हलते. बोट लागणाऱ्यांनी गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, झोप आणणाऱ्या गोळ्या डायव्हच्या दिवशी चालत नाहीत. नाश्त्याला दोन इडल्या पुरे, तळकट-तुपकट नको. आदल्या रात्री दारू अजिबात नाही. पाणी भरपूर प्या. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हवाच. बोटीवर स्वच्छतागृहाची सोय असेल असं धरून चालू नका, बायकांनी हे आधी विचारून घ्यावं.

आता पाण्यातलं. शिकवणी कन्नड-हिंदीत होते, आपल्याला दोन्ही चालतात. नियम तसे थोडेच. कधीही श्वास रोखायचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेली छातीभर हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, तेव्हा ती सतत बाहेर सोडत राहायची. कान दुखायच्या आधी, दर मीटरला, नाक धरून हलकेच फुंकायचं. दुखलंच तर थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा, जोर लावायचा नाही. आणि एक खूण नीट लक्षात ठेवा: अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. आपल्याकडची माणसं मजा आली की अंगठा दाखवतात, आणि इन्स्ट्रक्टर त्यांना इमानाने वर घेऊन जातो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

पाण्यात शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं छाती धडधडते. तेव्हा बोटीच्या दोराला धरून वरच थांबा, श्वास लांब होऊ दे. "निधान, निधान," इन्स्ट्रक्टर म्हणत होता, म्हणजे कन्नडमध्ये सावकाश, आणि सावकाश घेण्यातच सगळं आहे. दोर धरून उतरत गेलो. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास असेल, गार मुळीच लागत नाही. आठ-दहा मीटरवर माझ्या मेहुण्याने हात पुढे केला तेव्हा त्याच्या मनगटावरचा सौंदत्तीहून आणलेला लालभडक दोरा चिखलासारखा तपकिरी दिसत होता. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. टॉर्च पडला की तोच दोरा पुन्हा लाल. फोटो निळे-हिरवे का येतात ते तिथं कळलं, म्हणून कॅमेरावाल्याकडे दिवा आहे का तेही विचारून घ्या.

मग आवाज. खाली शांतता असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात आपल्याच बुडबुड्यांचा गलका असतो, आणि श्वास सोडून झाला की मधल्या फटीत कुठूनतरी करकर ऐकू येते. बघतो तर एक पोपटमासा खडकाला तोंड लावून कुरतडत होता. हिरवा-निळा, हातभर लांब, पुढचे दात चोचीसारखे जुळलेले. खडकाच्या पृष्ठभागावरचं शेवाळ खाताना तो प्रवाळाचा चुराही पोटात घेतो आणि मागून पांढरी बारीक रेती सोडतो. ती रेती सोडताना मी हाताच्या अंतरावरून पाहिली. त्यानंतर फुलपाखरू माशांची जोडी, कपारीतून तोंड उघडझाप करणारा सापासारखा मोरे ईल मासा, सिंहमासा, सगळं दिसलं, पण माझं मन त्या पोपटमाशावरच राहिलं.

प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभं राहू नका. तो जिवंत आहे आणि फार हळू वाढतो. पायातल्या फिनच्या, म्हणजे रबरी पंखाच्या, एका फटक्याने तुटलेली फांदी भरून यायला वर्षं लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, तुकडा उचलून आणणं गुन्हा आहे.

दुपारपर्यंत किनाऱ्यावर परत येता. डायव्ह न करणाऱ्या घरच्यांची सोय मुरुडेश्वरला चांगली होते. १२३ फुटी शंकराची मूर्ती आहे, वीस मजली गोपुरावर लिफ्टने जाता येतं. आम्ही संध्याकाळ तिथंच काढली, मासे जेवलो, लवकर झोपलो. दोन डायव्ह दुपारी बाराला संपले असतील तर अठरा तास दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भरतात. आरामात नाश्ता करून निघालं तरी बेळगावात संध्याकाळच्या आत. म्हणजे दोन मुक्काम धरा: एक डायव्हच्या आदल्या रात्रीचा, एक नंतरचा. दुसरा वाचवू नका.

नेत्राणी आवडलं आणि पुढे शिकावंसं वाटलं तर अंदमानला स्वराजद्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. ओपन वॉटरचा कोर्स तीन-चार दिवसांचा, त्याच्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. बंगळूर किंवा चेन्नईमार्गे श्री विजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला विमान, पुढे फेरी. हवामानामुळे फेरी रद्द होऊ शकते, म्हणून मधे एक दिवस मोकळा ठेवा. हिवाळ्यात तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, सगळे डायव्ह सकाळी लवकर असतात. शेवटचा डायव्ह झाला की दुसऱ्या दिवशी श्री विजयपुरमला येऊन सेल्युलर जेल पाहा. सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय आपल्यापैकी कुणी परत येत नाही, आणि तो दिवस तसाही पाण्याबाहेर काढायचाच असतो. परतीचं विमान त्याच्या पुढच्या सकाळचं घ्या. सुट्ट्यांच्या दिवसांत तिकिटं भडकतात, तेव्हा आधी विमान, मग फेरी, मग कोर्स या क्रमाने बुक करा, आणि कोर्सवाल्याला परतीची तारीख-वेळ पहिल्याच फोनवर सांगून टाका.