भेव

आमच्या आजीकडे भीतीसाठी दोन शब्द होते. परीक्षेची, सासूची, सावकाराची वाटते ती भीती. रानात लागते ते भेव. "मले भेव लागते" असं ती म्हणायची, तेव्हा ते लागणं तहान लागावी किंवा ठेच लागावी तसं थेट अंगाला लागायचं. पुण्यात पंचवीस वर्षं काढल्यावर माझ्या बोलण्यातलं वऱ्हाडी पुष्कळसं झडून गेलं. हा एक शब्द मात्र राहिला, कारण त्याच्या बदल्यात दुसरा मिळाला नाही. घाबरगुंडी फारच हलकी, दहशत वर्तमानपत्रातली आणि धास्ती ब्लडप्रेशरची.

आजी परतवाड्याची, म्हणजे मेळघाटच्या पायथ्याची. तिचे वडील बैलगाडीनं चिखलदऱ्याला सामान चढवायचे. एकदा रात्री घाटातल्या एका वळणावर बैल थांबले. चाबूक झाला, शिव्या झाल्या, शेपट्या पिरगाळून झाल्या, पण बैल पाऊल उचलेनात. नुसते नाकानं फुरफुरत उभे. मग पणजोबांनी कंदिलाची वात मोठी केली आणि उजाडेपर्यंत अभंग म्हणत गाडीवर बसून राहिले. उजाडलं तसे बैल आपोआप चालायला लागले. समोर काय होतं, हे आम्ही आजीला दर उन्हाळ्यात विचारायचो. ती म्हणायची, "जनावर असन." रात्री वाघाचं नाव घ्यायचं नाही आणि सापालाही लांबडं म्हणायचं, हा तिचा नियम. लहानपणी मला वाटायचं की ती गोष्ट अर्धीच सांगते. आता वाटतं, ती पूर्णच होती.

मी स्वतः मेळघाटात रात्र काढली ती चाळिशी ओलांडल्यावर, रीतसर अर्ज करून आणि पावती फाडून. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायचं. मे महिन्यात नाले आटलेले असतात, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि पौर्णिमेचा उजेड असतो, म्हणून हीच रात्र. पूर्वी अशाच रात्री पाणवठ्यावर जनावरं मोजत. आता वाघांची मोजदाद कॅमेरे करतात, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. आमच्यासारख्या हौशी माणसांसाठी मचाण तेवढं उरलं.

मचाणावर आम्ही तिघं होतो. मी, माझा मोठा भाऊ आणि एक कोरकू वनमजूर. अत्तर लावू नका, भडक कपडे नकोत, बोलू नका, मोबाइल बंद, अशी सूचनांची यादी आधीच दिली होती. दादा घोरतो का, हे त्या अर्जात कुठेच विचारलं नव्हतं.

मेळघाट म्हणजे साग. तिथल्या सिपना नदीचं नावच कोरकू भाषेतल्या सागावरून पडलंय, असं तिथे सांगतात. मे महिन्यात हा सगळा साग जमिनीवर उतरलेला असतो. एकेक पान सुपाएवढं आणि भाजलेल्या पापडासारखं कडक. त्यामुळे अंधार पडला की अख्ख्या जंगलात कुणीतरी पंगतीत पापड मोडत बसल्यासारखं वाटतं. साडेआठच्या सुमारास माझ्या पाठीमागून पावलं ऐकू आली. दोन पावलं, थांबा. परत दोन पावलं, थांबा. इतकं सावध चालणारं जनावर एकच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तळहात भिजले, मानेवरचे केस उभे राहिले, आणि जीभ टाळूला चिकटणे हा नुसता वाक्प्रचार नाही, हेही त्याच वेळी कळलं. वनमजुरानं माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्याचं टोक तर्जनीच्या पेरावर ठेवून दाखवलं. एवढा. उंदीर.

दहा वाजता सांबराची मादी पाण्यावर उभी होती. ती चालत आली असं मला म्हणता येत नाही. आधी नव्हती आणि मग होती. दोन माणसांच्या वजनाचं ते जनावर त्याच पापडांवरून आलं आणि एकही पापड मोडला नाही. मग मला सुचायला नको ते सुचलं. उंदराचं पाऊल ऐकू येतं आणि सांबराचं येत नाही, तर ज्याच्या पंजाला खाली गादी आहे, त्याचं काय? तो आत्ता कुठेही असू शकतो. तिथून पुढे मला आवाजांचं भेव लागेना. दोन आवाजांच्या मधल्या जागेचं लागायला लागलं. रातवा 'चुक चुक चुक' करून थांबायचा, आणि तो थांबला की मी श्वास धरायची.

दोनच्या आसपास खालून एक विलक्षण आवाज आला. शंभर वऱ्हाडी एकाच वेळी बशीतून चहा भुरकतायत असा. आधी फूऽऽ करून जोरात फुंकायचं आणि मग ओढायचं. अस्वल वारूळ खात होतं. अस्वलाचे वरचे मधले दोन दात नसतातच. त्या फटीतून ते वाळवी अशी ओढून घेतं की चांगल्या शंभर पावलांवरही ऐकू जावं. मेळघाटात कुणालाही विचारा, वाघ परवडला पण अस्वल नको, असंच उत्तर मिळेल. वाघ माणूस दिसला की बहुधा बाजूला होतो. अस्वल दचकतं आणि दचकलं की अंगावर येतं. पहाटे मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्यांची गाठ त्याच्याशी अशीच पडते, दोघंही खाली मान घालून एकच फूल शोधत असताना.

मला आठवली ती शाळेतली दोन मित्रांची गोष्ट. एक मित्र झाडावर चढून वाचतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो. ती रचणाऱ्यानं आपल्याकडचं अस्वल पाहिलेलं नसणार. ते मधाच्या पोळ्यासाठी सरसर झाडावर चढतं, आणि मी झाडावरच होते. नेमका याच वेळी दादानं पहिला घोर लावला. खालचं भुरकणं थांबलं. वनमजुरानं शांतपणे हात लांब करून दादाचं नाक चिमटीत धरलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण त्या वेळात मी घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते मोजले. मग खाली पुन्हा फूऽऽ झालं. वनमजूर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "खाऊ द्या त्याले. आपलं काय काम?"

सकाळी नोंदीच्या कागदावर अस्वलापुढे एक, सांबरापुढे पाच आणि वाघापुढे आडवी रेघ पडली. दादा डोळे चोळत म्हणाला, "काहीच नाही दिसलं यार."

खरा जिवावरचा प्रसंग आला तेव्हा मात्र मला काही वाटलंच नाही. जुन्नरकडच्या एका किल्ल्याच्या कातळाला आग्या मोहोळ होतं. खाली कुणीतरी चूल पेटवली, धूर वर गेला आणि माश्या उठल्या. मी ओढणीत तोंड खुपसून झुडपाखाली पडून राहिले. मला अकरा डंख आणि बरोबरच्या एकाला सत्तरेक. एक माशी डसली की तिथे एक वास राहतो आणि तो बाकीच्यांना बोलावतो. पिकल्या केळ्यासारखा असतो म्हणे. मला त्या वेळी कसलाच वास आला नाही आणि कसलंच भेवही लागलं नाही, तेवढी सवडच नव्हती. ते लागलं आठ दिवसांनी, स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज ऐकून.

केळ्यावरून भीमाशंकर आठवलं.

जुलैचा महिना. मी आणि ऑफिसातली मैत्रीण नागफणीच्या कड्यावरून परत देवळाकडे निघालो होतो. वाट मळलेली, लहान पोरंही जातात अशी. मध्येच धुकं उतरलं. सह्याद्रीतलं पावसाळी धुकं म्हणजे हात लांब केला की स्वतःचीच बोटं परक्यासारखी दिसावीत असं. तरी आम्ही गप्पा मारत चाललो होतो. तासाभरानं एका खडकावर केळ्याची साल दिसली. ताजी होती. मैत्रीण खूश झाली, म्हणजे माणसं जवळच आहेत. मी मात्र चिडले आणि अभयारण्यात केळी खाऊन साली फेकणाऱ्या लोकांवर एक छोटंसं भाषण केलं. ते संपत आलं असताना ती हळूच म्हणाली, "अगं, मघाशी मी इथेच बसून खाल्लं होतं."

आपल्याकडे याला चकवा म्हणतात. एकदा लागला की माणूस रात्रभर त्याच जागेभोवती फिरतो. जर्मनीतल्या काही संशोधकांनी २००९ साली याच गोष्टीवर निबंध छापला. लोकांच्या अंगावर जीपीएस लावून त्यांनी त्यांना जंगलात सरळ चालायला सांगितलं. ऊन होतं तेव्हा ते सरळ चालले. आभाळ भरून आलं तेव्हा गोल फिरले, आणि आपणच आपली वाट ओलांडतोय हे त्यांना कळलंही नाही. डोळे बांधले तेव्हा तर काहींची वर्तुळं वीस मीटरची निघाली. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं हा जुना समजही त्यांनी खोडून काढला. चूक पायाची नसते, ती डोक्यातल्या 'सरळ' या कल्पनेचीच थोडीथोडी वाकत जाते. ही माहिती मला नंतर मिळाली. त्या दिवशी आमच्याकडे फक्त आजीची माहिती होती. चकवा लागला तर चालू नये, बसावं, आणि चपला उलट्या पायात घालाव्यात. मैत्रिणीनं खरोखर नाड्या सोडून डावा बूट उजव्या पायात घालून पाहिला. मी हसले नाही, आणि यावरूनच किती वाजले होते ते समजावं.

हरवण्यावरून आणखी एक. मेळघाटात राहणारा रानपिंगळा नावाचा एक छोटा घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं कुठल्याही पक्षितज्ज्ञाला सापडला नव्हता. संपला असंच सगळे धरून चालले होते. १९९७ साली तो शहाद्याजवळ एका झाडावर दिवसाढवळ्या बसलेला सापडला. हरवावं तर असं. आम्ही सातव्या तासालाच रडकुंडीला आलो होतो.

अंधार झाला. फोनला रेंज नव्हती, आणि मैत्रिणीची बॅटरी आमचे फोटो काढण्यात संपली होती. हिरड्याच्या झाडाखाली पाठीला पाठ लावून बसलो. पाऊस थांबला होता, पानं मात्र गळत होती. मैत्रिणीनं रामरक्षा सुरू केली आणि मध्येच थांबली. तिला पाठ नव्हती असं मला वाटलं. तिनं माझं मनगट धरलं.

आमच्या पायापासून चार हातांवर जमीन उजळली होती.

उजळली म्हणजे दिवा लागल्यासारखी नव्हे. आजोबांच्या गजराच्या घड्याळाला रेडियमचे काटे होते. अंथरुणात पडल्यावर ते दिसायचे तसा फिकट, हिरवट, कुठूनही न येणारा उजेड. त्यात एक अख्खी फांदी दिसत होती, तिच्या उपफांद्या दिसत होत्या, आणि पलीकडे आणखी एक, आणि मग आणखी. आम्ही मघापासून त्याच्या मधोमध बसलो होतो. डोळे अंधाराला सरावले तसा तो वाढत चालला, म्हणजे तोच आमच्याकडे सरकतोय असं वाटत होतं. आजीच्या 'लागते' या क्रियापदाचा पुरा अर्थ मला त्या चार-पाच मिनिटांत कळला. वाघ आला असता तर निदान काय आलंय ते कळलं असतं.

मग डोक्यात कुठेतरी रविवारची पुरवणी उघडली. भीमाशंकरचं चमकणारं जंगल. कुजक्या लाकडावरची बुरशी, भर पावसाळ्यातच दिसणारी. तिच्यातलं एक द्रव्य हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतं आणि उजेड पडतो, पण ऊब नसते. फोटोत ते हिरवंगार दिसतं, कारण कॅमेरा बराच वेळ डोळा उघडा ठेवतो. प्रत्यक्षात इतकं फिकं असेल हे कुणी लिहिलं नव्हतं. मी हात लावला. ओलं, गार, मऊ झालेलं लाकूड होतं ते, बाकी काही नाही. मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "नक्की?" आणि मनगट सोडलं नाही. तिच्या नखांच्या चार चंद्रकोरी पुढे आठवडाभर तिथे होत्या.

पहाटे घंटा ऐकू आली. देवळाची, काकडारतीची. भीमाशंकरला चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, हे आदल्या दिवशी मीच मैत्रिणीला कौतुकानं सांगितलं होतं. त्या वेळी आम्हाला शाळेची घंटाही चालली असती. आवाज आला तो आम्ही ज्या दिशेला देऊळ नाहीच असं शपथेवर सांगितलं असतं, त्या दिशेनं. त्याचं बोट धरून चालत गेलो. वीस मिनिटं लागली.

अभयारण्यातून काडीही आणू नये हे मला माहीत आहे. तरी त्या फांदीचा वीतभर तुकडा मी डब्यात घालून आणला. घरी आईला म्हटलं, रात्री गंमत दाखवते. रात्री आम्ही दोघी बाथरूममध्ये शिरलो, दिवा घालवला, दाराच्या फटीला टॉवेल लावला आणि मी डबा उघडला.

काही दिसलं नाही. लाकूड वाळलं होतं. डोळे सरावू देत म्हणून आणखी थांबलो. नळ ठिबकत होता. थोड्या वेळानं आईचा आवाज आला, आणि अंधारात तो हुबेहूब आजीचा वाटला.

"भेव लागलं होतं का तुले?"

"हो."

ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "चाल, दूध उतू जाईन."