पदवी, हप्त्याहप्त्याने

इंजिनिअरिंग नेमकं कधी संपतं, हे आमच्याकडे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. शेवटचा पेपर दिला की सुटलो असं वाटतं, पण ओरल बाकी असते. ओरल उरकते, मग निकालाची वाट. पुढे गुणपत्रिका, कुणाचं तरी पुनर्मूल्यांकन, आणि पदवीदान समारंभ उगवेपर्यंत निम्मी मंडळी हिंजवडीत किंवा बंगळुरूत चिकटून अप्रेझलची काळजी करू लागलेली असतात. मूल बालवाडीत जायला लागल्यावर बारसं घालावं, तसाच हा प्रकार.

जुन्या लोकांचं सोपं होतं. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली, ती चौघांची. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यातलेच. चौघंच म्हटल्यावर तारीख ठरवायलाही काही त्रास नाही! आमच्या ग्रुपवर भेटायच्या तारखेचं मतदान घेतलं, तर मतदारांपेक्षा मतं जास्त पडली.

शेवटी समारंभाचा शनिवार आणि त्याला लागून येणारा रविवार, असं ठरलं. शनिवारी कॉलेजच्या सभागृहात सगळे उपरणं घालून बसलो. उपरण्यात माणूस लग्नातल्या मुलाच्या मामासारखा का दिसतो कोण जाणे. प्रमुख पाहुणे राष्ट्रउभारणीबद्दल बोलत होते आणि मागच्या रांगेत जेवायला कुठे जायचं यावर खल चालला होता. खरा समारंभ बाहेर झाला, पार्किंगमध्ये. काकूंनी आणलेले पेढे, बाबांच्या मोबाइलमधले तिरके फोटो, आणि ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न, जो नोकरी लागलेल्यांनाही चुकला नाही.

संध्याकाळी पुण्यात डेक्कनला कॅफे गुडलक. १९३५ पासून तिथे बसलेल्या किती टोळक्यांनी एका बन मस्क्यावर तासभर टेबल अडवलं असेल! आम्हीही ती परंपरा मोडली नाही. पण पहिला अर्धा तास अवघडच गेला. सगळे कसे नीट बोलत होते. ‘काम कसं चाललंय?’ ‘छान.’ ‘टीम?’ ‘छान.’ चार वर्षं एकमेकांच्या डब्यात हात घालणारी माणसं ती हीच का, असं वाटायला लागलं. मग कुणीतरी सबमिशनच्या रात्रीचा विषय काढला. एकाच जर्नलवरून अख्ख्या बॅचनं उतरवलेलं, मूळ लेखकाच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. सरांना ते कळलं होतं, आणि त्यांनी सगळ्यांना सारखेच मार्क दिले होते. तिथून पुढे एकही वाक्य कुणाचं पूर्ण झालं नाही. बिल आलं तेव्हा मात्र नियम जुनाच, टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. पगार सुरू झालेल्यानं सगळ्यांचं द्यावं, ही सूचना पगारवाल्यांनी फेटाळली.

रविवारी सिंहगड, तोही आतकरवाडीवरून चालत, कारण गाडीनं वर जाणं हे म्हाताऱ्यांचं काम असं आम्ही फर्स्ट इयरला जाहीर करून बसलो होतो. गड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास. तेव्हा ही चढण गाणी म्हणत चढायचो. आता एसीत बसून कोड लिहिणारे दर वळणावर ‘व्ह्यू काय भारी आहे’ म्हणून थांबत होते. ताक विकणाऱ्या मावशींनी त्यांना बरोबर ओळखलं. पुणे दरवाजा ओलांडल्यावर कांदा भजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. पोट भरल्यावर मग खरी बोलणी निघाली. एकाला नोकरी अजिबात आवडत नव्हती. दुसरी एमपीएससीसाठी सदाशिव पेठेतल्या खोलीत राहत होती, आणि घरी मात्र ‘बघते एखादी कंपनी’ असं सांगत होती. व्हिडिओ कॉलवर या गोष्टी निघत नाहीत. तिथे पाठीमागे कुणाची तरी आई फिरत असते.

आमच्यातल्या एकाला मात्र पदवी मिळालेलीच नाही. एम-थ्री अजून सुटलेला नाही. गणिताच्या या पेपरनं भल्याभल्यांना पाणी पाजलंय, त्यात याची काय कथा! तरी तो शनिवारी पहिल्या रांगेत हजर होता, आणि प्रत्येकाचं उपरणं मागून घेऊन त्यानं स्वतःचे इतके फोटो काढले की बघणाऱ्याला तोच सुवर्णपदकवाला वाटावा. गड उतरताना त्याच्या समारंभाचा वीकेंड आतापासूनच ठरला. राजगड की तोरणा, एवढंच भांडण बाकी आहे. बंगळुरूवाला तर तिकिटं काढायलाही निघाला होता.

‘जरा थांबा रे,’ तो म्हणाला, ‘आधी फॉर्म तर भरू दे परीक्षेचा.’