बेलवडीची मल्लम्मा आणि सदुसष्ट पोती जोंधळा

बेळगावहून कित्तूर, यादवाड, बेलवडी, सौंदत्ती असं फिरून आलो, त्यातलं कित्तूरचं फार सांगत नाही, हायवेला लागून आहे आणि बेळगावची निम्मी पोरं शाळेच्या सहलीत तिथं जाऊन आलेली असतात. पडका वाडा, ध्रुवतारा बघायचं ते भोक, म्युझियम, झालं. गाईड चांगलं मराठी बोलत होता पण त्यानं राणी चन्नम्मापेक्षा थॅकरेवरच जास्त वेळ घालवला. धारवाडचा हा इंग्रज कलेक्टर कुठं उभा होता, गोळी कुणी घातली, कसा पडला, २३ ऑक्टोबर १८२४, सगळं हातवारे करून. आणि त्याआधीचे दिवस? नवरा गेलेला, सावत्र मुलगा गेलेला, दत्तक मुलाला ईस्ट इंडिया कंपनी मानत नाही, खजिन्याला सील ठोकलंय आणि ही बाई मुंबईला गव्हर्नर एल्फिन्स्टनला पत्रं धाडतेय, हे सगळं एका वाक्यात उरकलं की राव.

मी आणि माझी मोठी जाऊ, दोघीच निघालेलो. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही. आधार कार्ड बेळगावचं असल्यामुळं कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत आम्हाला झिरो तिकीट, बसचा खर्च शून्य, पण त्या शून्याची किंमत अशी की बैलहोंगलपर्यंत एका पायावर, बगलेत कुणाचं तरी पोर आणि पुढं कांद्याचं पोतं. तिकीट काढून जाणारे पुरुष आमच्याकडं असं बघत होते जसं काही आम्हीच सरकार आहोत.

पण त्याआधी यादवाडचं सांगते, कारण डोकं तिथंच तापलं. यादवाड धारवाडकडं, तिथल्या मारुतीच्या देवळात शिवाजी महाराजांचं जुनं दगडी शिल्प आहे, बेलवडीच्या मल्लम्मानं घडवून घेतलं असं सांगतात. एका भागात महाराज घोड्यावर, दुसऱ्यात मांडीवर मूल आणि हातात दुधाची वाटी. दगड खरंच बघण्यासारखा आहे, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी साधा आणि त्यामुळंच जास्त आवडला.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६७८ ची सुरुवात, महाराज दक्षिण दिग्विजयावरून परत येत होते. बेलवडीला देसायांची छोटीशी गढी, ईशप्रभू देसाई आणि त्याची बायको मल्लम्मा, आपल्या बखरीत ती सावित्री म्हणून येते. आपल्याकडं सांगतात की तिनं फौजेचे सामानाचे बैल पळवले, कन्नड कथेत मराठ्यांच्या शिपायांनी दुधासाठी तिच्या गाई नेल्या. जनावरं आधी कुणी पळवली यावर साडेतीनशे वर्षांत एकमत नाही आणि होणारही नाही. भांडण पेटलं, ईशप्रभू पडला, आणि बाईनं गढी २७ दिवस लढवली. कन्नड कथेत तिच्याकडं बायकांची पलटण होती. राजापूरच्या इंग्रज वखारीतनंसुद्धा फेब्रुवारी १६७८ मध्ये लिहून गेलंय की एवढी राज्यं जिंकलेल्या शिवाजीला ही एक देसाईण आवरत नाहीये. नंतर गढी पडली, तिच्याशी वाईट वागणाऱ्या सरदार सखूजी गायकवाडाचे डोळे काढवले म्हणतात, महाराजांनी तिला बहीण मानून मुलाच्या दूधभातासाठी मुलूख परत दिला.

देवळात एक काका होते त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि गढीला वेढा पडल्यापासून ती पडेपर्यंतचा भाग एवढाच, "सत्तावीस दिवस झुंजली." पुढं मग वीस मिनिटं महाराजांचं मोठेपण. मला महाराजांच्या मोठेपणाबद्दल काही म्हणायचं नाही, आमच्या शहापुरात जन्मलेल्या माणसाला ते कुणी शिकवायला नको. पण बाईची गोष्ट सुरू करायची आणि संपवायची मात्र पुरुषाच्या मोठ्या मनावर, हे का? मी विचारलं, गढीत पाणी कुठनं यायचं, खायला काय होतं? काका म्हणाले, "शूर होत्या हो ताई." अक्कानं मला बाहेर ओढलं.

बेलवडीत बघायला काही नाही म्हणून आम्हाला दोघातिघांनी सांगितलेलं. बरोबरच आहे, तिकीट काढून बघण्यासारखं काही नाही. मल्लम्माचा उत्सव होतो तेव्हा गर्दी असते, एरवी काळं रान आणि ऊन. एका घराच्या कट्ट्यावर सावलीला टेकलो तर आतनं सून पाणी घेऊन आली, मग चहा, मग अज्जी आली, मग बसाच म्हणून जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी. अशी माणसं भेटली की मला लाजच वाटते, आमच्याकडं बेल वाजली तर आधी खिडकीतनं बघतो आम्ही.

माझं कन्नड मोडकं, अक्काचं पाण्यासारखं. तिनंच अज्जीला माझा यादवाडचा प्रश्न विचारला, सत्तावीस दिवस खाल्लं काय? अज्जीला इतिहास नको होता, तिनं सरळ हिशेब मांडला. गढीत माणसं किती? पाचशे धरा. राबणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो जोंधळा लागतोच, म्हणजे रोजचे अडीच क्विंटल. सत्तावीस दिवसांची सदुसष्ट पोती, वर थोडी. कुठं ठेवणार? तर हगेवात, म्हणजे आपलं पेव, जमिनीतलं. त्यांच्याही अंगणात होतं, बुजवून त्याच्यावर आता मोटारसायकल लावतात, मी तीच बघत होते मघापासून. सदुसष्ट पोती पेवात आरामात मावतात म्हणाली, म्हणजे धान्यावाचून गढी पडली नाही.

मग सून मध्ये पडली. धान्य होतं हो, दळलं कुणी? बाई पहाटे उठून पाचेक किलो दळणार, म्हणजे रोज पन्नास जाती फिरायला पाहिजेत. अज्जी म्हणाली, फिरली असतील. आणि मग तिनं जे सांगितलं ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. पहाटे पन्नास जाती एकदम फिरली तर आवाज भिंतीबाहेर जाणारच. बाहेर छावणीत शिपाई झोपलेत आणि रोज पहाटे त्यांना ऐकू येतंय की आत पीठ पडतंय. सून म्हणाली, मग बायका लढल्या कधी? अज्जी म्हणाली, दळून झाल्यावर. दोघींचं जुंपलं ते आम्ही उठेपर्यंत, सुनेचं म्हणणं लढणाऱ्या वेगळ्या आणि दळणाऱ्या वेगळ्या, अज्जीला ते साफ नामंजूर.

बैलहोंगलला चन्नम्माच्या समाधीवर घाईघाईत जाऊन आलो, बस चुकायची भीती होती. दुसऱ्या दिवशी सौंदत्ती. यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा, ढकलाढकली, चप्पल हरवलेली माणसं, आणि शेजारी एक आजोबा नातवाला सांगत होते की परशुराम कसा बापाच्या शब्दाबाहेर गेला नाही. आईचं मुंडकं उडवलं ते पोर आज्ञाधारक. मी बोलणार होते, पण मागनं उदं गं आई उदं झालं आणि रांग चार पावलं सरकली.

अक्का केव्हाची गप्प होती. मला वाटलं ऊन लागलं. तर एकदम माझा दंड धरून म्हणाली, "अगं, आणि घोड्यांचा चारा? तो आपण धरलाच नाही."